चाळीस प्रयोगांची यादी घरीच ठेवा

पत्र : रत्नागिरीच्या एका आईने लिहिलं आहे. मे महिन्यात नवरा, सासूबाई आणि दोन मुलांसह त्या नणंदेकडे अमेरिकेत, फ्रिमाँटला जाणार आहेत. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. सॅन फ्रान्सिस्को शहरासाठी एकच दिवस हाताशी आहे. तिथलं ‘एक्स्प्लोरेटोरियम’ हे हाताळून बघायचं विज्ञान संग्रहालय मुलांना दाखवावं असं त्यांना वाटतं. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या लांब जाऊन गोल्डन गेट पूल आणि आल्कट्राझचं तुरुंगाचं बेट सोडून मुलांच्या खेळघरात कोण जातं? शिवाय मागे मुंबईत एका विज्ञान केंद्रात मुलगा नुसता बटणं दाबत धावला आणि मुलगी गप्प राहिली. ‘शिकले काहीच नाहीत.’ मुलं मराठी माध्यमात आहेत, तिथे पाट्या इंग्रजीत. म्हणून ताईंनी इंटरनेटवरून चाळीस प्रयोगांची यादी काढली आहे आणि रोज संध्याकाळी त्यातले दोन मुलांना समजावून सांगत आहेत. त्यांनी विचारलं आहे : ‘तिकिटाचे पैसे वाया जाणार नाहीत ना? आणि यादी पुरेशी आहे का?’

उत्तर :

यादी पुरेशी आहे का, म्हणता? ताई, ती पस्तीसने जास्त आहे.

आधी मुंबईचं बघू. मुलगा धावला म्हणजे दिवस फुकट गेला, असं तुम्ही धरून चालला आहात. सात वर्षांचं मूल नव्या, मोठ्या, आवाजाने भरलेल्या जागी शिरलं की पहिला अर्धा तास ते जागाच मोजत असतं. कुठे काय आहे, कशाला हात लावलेला चालतो, आई किती लांब जाऊ देते. हा अर्धा तास द्यावाच लागतो. तो अडवला तर ती धाव पुढचे तीन तास पुरते. दुसरं असं की बटण दाबायचं आणि यंत्राने आपलं काम करून दाखवायचं, अशा मांडणीत मुलाला करण्यासारखं उरतंच काय? दाबलं, पाहिलं, पुढे. तो दोष मुलाचा नाही. तुम्ही जिथे जाणार आहात तिथे बऱ्याच वस्तू अशा आहेत की हात हलवला तर समोरचं बदलतं, पुन्हा वेगळा हलवला तर वेगळं बदलतं. अशा ठिकाणी मुलं आपसूक रेंगाळतात, पण पुढच्या नंबराकडे कुणी ओढलं नाही तरच.

हे संग्रहालय १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी सुरू केलं. अणुबाँबवाल्या ओपेनहायमरांचे धाकटे भाऊ, स्वतःही भौतिकशास्त्रज्ञ. राजकीय चौकशांमुळे विद्यापीठातली नोकरी गेली, मग कित्येक वर्षं कोलोरॅडोत गुरं पाळली आणि तिथल्याच गावच्या शाळेत शिकवलं. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, असं ते म्हणत. तुमच्या पत्रातला ‘शिकले काहीच नाहीत’ हा शेरा वाचताना त्याचीच आठवण झाली. २०१३ पासून हे संग्रहालय बंदरावरच्या ‘पियर १५’ या जुन्या धक्क्यावर आहे. आत लांबच लांब गोदाम, बाहेर खाडी.

पाट्यांची काळजी करता, त्यावर एक युक्ती. तिथल्या पाट्यांवर बहुधा दोन भाग असतात : आधी ‘काय करायचं आणि काय बघायचं’, खाली ‘हे असं का होतंय’. पहिल्या भागातल्या दोन ओळी तुम्ही वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. दुसरा भाग मुलांचं खेळून झाल्याशिवाय वाचायचाच नाही, पोरांना इंग्रजी येत असतं तरीही. कारण आधी कळलं की बघायचं थांबतं. रोज संध्याकाळी दोन प्रयोग समजावून तुम्ही नेमकं हेच करत आहात. मुलं तिथे पोचतील ती उत्तरं पाठ करून. ते आजपासून बंद करा.

त्याऐवजी जाण्याआधी तीन गोष्टी रत्नागिरीतच करून घ्या.

पहिली, मांडवीची काळी वाळू. रेडिओ-स्पीकर दुरुस्तीच्या दुकानातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक मागून घ्या (फ्रिजवर चिकटवायचं पातळ चुंबक चालणार नाही, फार कमजोर). ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून किनाऱ्यावरच्या *कोरड्या* वाळूवरून फिरवा. ओली वाळू गोळा होऊन नुसती चिकटते, त्यातून काही कळत नाही. पिशवी विसरलात तर कण चुंबकावरून सात जन्म निघणार नाहीत. पिशवी असली की ती उलटी करून चुंबक बाजूला काढलं की झालं. जमलेले कण कागदावर पसरा, खालून चुंबक फिरवा. कण काट्यांसारखे उभे राहतात आणि चुंबकामागे झुलत चालतात. मग मुलगी बहुतेक विचारेल की सगळी काळी वाळू का नाही चिकटली. प्रश्न नेमका आहे. आपल्या किनाऱ्याच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज आहे, त्याला साधं चुंबक फारसं ओढत नाही. उड्या मारतं ते मॅग्नेटाइट, लोखंडाचंच पण चुंबकाला झटकन चिकटणारं खनिज. पण हे तिला लगेच सांगू नका. एक्स्प्लोरेटोरियममध्ये काळ्या चुंबकी वाळूत हात घालून खेळायची जागा आहे. तिथे ती पाटी न वाचता म्हणेल, ‘ही तर आपली मांडवी!’ (वाळूची पुडी बरोबर नेऊ नका, कस्टममध्ये नसत्या चौकश्या होतात. स्पीकरचं चुंबकही घरीच राहू दे. आणि आंबे सामानातून नेता येत नाहीत, हे नणंदेच्या कानावर आधीच घालून ठेवा म्हणजे रुसवा नको.)

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. बांगड्याचं कालवण झालं की डोक्यातला डोळा काढून मुलांना द्या. त्यातला पांढरा, कडक, गोल मणी म्हणजे माशाच्या डोळ्याचं भिंग. शिजल्यावर पांढरं होतं, कच्चं असताना काचेसारखं स्वच्छ असतं. संग्रहालयात ‘एक्स्प्लेनर’ म्हणवणारी तरुण मुलं गाईचा डोळा कापून आतलं दाखवतात. त्यातलं भिंग मात्र गोळीसारखं गोल नसतं, चपटं असतं. मासा पाण्यात बघतो, आणि पाण्यात डोळ्याचा पुढचा पडदा प्रकाश जवळजवळ वळवतच नाही, त्यामुळे सगळं काम एकट्या भिंगाला करावं लागतं. म्हणून ते गोल. बाजारात मासे साफ होताना पाहत वाढलेल्या आपल्या मुलांना तो डोळा बघून किळस यायची नाही. सासूबाईंना मात्र गाईचं नाव आधी सांगा आणि त्या वेळी त्यांना दुसरीकडे बसवा. त्यांच्यासाठी आणखी एक सूचना : तिथे न वापरलेल्या संडासाच्या भांड्यातून पिण्याचं पाणी येतं असा एक नळ आहे. पाणी स्वच्छ, भांडं कोरं, तरी माणसाचा हात आखडतो; हात का आखडतो तोच प्रयोग आहे. सोवळं-ओवळं पाहिलेली आजी त्यावर जे बोलेल ते मुलांना पाटीपेक्षा जास्त कळेल.

तिसरी गोष्ट भरतीची. कोकणात मुलाला हे वेगळं शिकवावं लागत नाही : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पंधरा दिवस रोज जेटीवर किंवा भाट्याच्या खाडीवर जाऊन मुलीला वेळ टिपू द्या. हिशेब आणि प्रत्यक्ष पाणी यांत कधी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल, तोही लिहायचा. उधाण (सगळ्यात मोठी भरती) कधी, भांग (सगळ्यात लहान) कधी, तेही. ही वही, एवढंच सामान तिकडे न्यायचं.

का, ते सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या तोंडाशी १८५४ पासून भरती-ओहोटी सलग मोजली जात आहे. तिथल्या तक्त्याला मुलीने आपला पाऊणपटीचा नियम लावून पाहावा. तो जुळणार नाही. चंद्र तोच, तिथी तीच, मग चुकलं कुठे? प्रत्येक बंदराला चंद्रामागे राहायची आपली आपली ढील असते, किनाऱ्याच्या आकारावर आणि खोलीवर ठरलेली. आपला नियम आपल्या किनाऱ्यापुरता. वर तिथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे केलेली असतात. आणि दिवसातल्या दोन भरत्यांची उंची तिथे सारखी नसते, एक चांगली मोठी, दुसरी बेताची. उधाण मात्र तिथेही पुनव-अवसेच्या आसपासच. अकरा वर्षांच्या मुलीला यातलं निम्मं जरी स्वतःहून सापडलं तरी चाळीस प्रयोगांची यादी यापुढे काहीच नाही. संग्रहालयाच्या खाडीकडच्या टोकाला एक काचेचं निरीक्षण दालन आहे, पाणी, गाळ, जहाजं, धुकं यांच्याबद्दलचं. लोक तिथून बऱ्याचदा नुसते फोटो काढून निघतात. तुमच्या मुलीला त्यात अर्धा तास तरी लागेल.

आता नवऱ्याच्या म्हणण्याकडे. ते अगदी चुकीचं बोलत नाहीत, फक्त या दोन गोष्टींत भांडण आहे असं समजून बोलत आहेत. गोल्डन गेटला तिकीट नाही आणि तो लांबूनही दिसतो. आल्कट्राझची होडी ‘पियर ३३’ वरून सुटते. विषम क्रमांकाचे धक्के सगळे एकाच बाजूला, त्यामुळे पियर १५ पासून चालत पंधरा मिनिटांच्या आत. पण होडी, बेट, कानाला यंत्र लावून तुरुंग फिरणं यात तीन तास सहज जातात, तिकिटं कित्येक दिवस आधी संपतात, आणि सात वर्षांच्या मुलाला कोठड्यांत फारसं काही नाही. एकाच दिवशी दोन्ही करायला गेलात तर दोन्हींची घाई होईल. नवऱ्याला खरंच जायचं असेल तर त्यांनी आणि नणंदेच्या यजमानांनी दुपारची होडी घ्यावी, तुम्ही मुलांना घेऊन पुढे जावं. यात रुसण्यासारखं काही नाही.

पुढे म्हणजे कुठे? ‘वेव्ह ऑर्गन’कडे. मरीना भागातल्या एका बांधाच्या टोकाला १९८६ मध्ये एक्स्प्लोरेटोरियमनेच बांधलेली ही रचना आहे : मोडलेल्या स्मशानातले कोरीव दगड आणि त्यांतून पाण्यात उतरलेल्या वीस-पंचवीस नळ्या, काही पीव्हीसीच्या, काही काँक्रीटच्या. लाट नळीत शिरते, आतली हवा दाबली जाते, वरच्या तोंडातून घुमारा येतो. खडकाच्या घळीत लाट शिरल्यावर आपल्याकडे येतो तसाच. फुकट आहे, चोवीस तास उघडं आहे, आणि तिथून गोल्डन गेट समोर दिसतो, म्हणजे तोही झाला. लोक निराश होऊन परततात ते ओहोटीला जातात म्हणून, तेव्हा नळ्या जवळजवळ मुक्या असतात. किंवा पेटी-तबल्याची अपेक्षा ठेवतात म्हणून. आवाज बारीक असतो, कान नळीशी नेऊन बसावं लागतं. भरतीच्या तासभर आधी पोचा. बांधावरची वाट खडबडीत आहे, सासूबाईंना हाताला धरून न्या किंवा गाडीत बसू द्या. गाडीत राहणार नसेल कुणी तर सीटवर पिशवीसुद्धा ठेवू नका. त्या शहरात उभ्या गाड्यांच्या काचा फोडून चोऱ्या होतात.

दिवस कसा आखायचा ते आता बघा. आपलं आणि तिथलं घड्याळ यांत उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक आहे. तिथे दुपारचे दोन, म्हणजे मुलांच्या अंगात पहाटेचे अडीच. पोचल्यापासून तीन-चार दिवस तरी शहराचा बेत नको. नंतरही सकाळी उघडताच, साधारण दहाला, आत शिरा आणि दीडच्या सुमारास बाहेर पडा. दुपारी तीनला मुलगा रडायला लागला तर विज्ञान त्याला आवडलं नाही असं नव्हे, त्याची रात्र चालू आहे. सोमवारी संग्रहालय बहुधा बंद असतं, रविवारच्या वेळा वेगळ्या असतात, आणि गुरुवारी संध्याकाळचा कार्यक्रम फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी. त्यांच्या संकेतस्थळावर तारीख घालून तपासा. फ्रिमाँटहून बार्ट रेल्वेने एम्बार्कडेरो स्टेशन गाठायचं, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत.

पैशांचं म्हणाल तर मोठ्यांचं तिकीट चाळीस डॉलरच्या आसपास, मुलांचं थोडं कमी. पाच जणांचं गणित करून पोटात गोळा येणं साहजिक आहे. नणंदेला तिच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर ‘डिस्कव्हर अँड गो’ ही सोय बघायला सांगा. त्यावर त्या भागातल्या संग्रहालयांचे मोफत किंवा सवलतीचे पास मिळतात. कुठले कधी उपलब्ध असतील ते बदलत राहतं, म्हणून आतापासून लक्ष ठेवायला हवं. आणि तेही जमलं नाही तर? संग्रहालयाबाहेरचा धक्का सगळ्यांना मोकळा आहे, तिथेही काही वस्तू मांडलेल्या आहेत. तो आणि वेव्ह ऑर्गन, एवढा दिवसही वाईट नाही. ‘परवडत नाही’ असं मुलांना स्पष्ट सांगून तो दिवस मजेत घालवता येतो.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास मोकळा सोडा. मुलांच्या मनगटावर पेनने नणंदेचा तिथला फोन नंबर लिहा, सकाळी निघतानाच दोघांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढा, आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा दाखवून ठेवा. मग एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि तासाभराने अदलाबदल. ही अदलाबदल मी मुद्दाम सांगते आहे. तुमच्या पत्रात ‘मुलगा प्रश्न विचारून भंडावतो, मुलगी गप्प’ असं आहे. कॅलिफोर्नियातल्याच एका बालसंग्रहालयात पालकांची बोलणी टिपून केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला : एकाच वस्तूशी खेळताना पालकांनी मुलग्यांना मुलींच्या तिप्पट वेळा समजावून सांगितलं होतं. ती मुलं तर जेमतेम आठ वर्षांपर्यंतची. गप्प मुलगी कंटाळलेली आहे, असं धरू नका. ती बहुधा बघत असते, आणि तिच्याशी कुणी बोलत नसतं.

बोलायचं ते थोडकंच. हात लावण्याआधी ‘काय होईल गं?’ नंतर ‘काय बदललं?’ आणि ‘आता एकच गोष्ट बदलून बघ’. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मुलं अडकतात ती इथेच. ‘कळलं का?’ हा प्रश्न मात्र तोंडातून निघू देऊ नका. त्याचं उत्तर सगळी मुलं ‘हो’ देतात.

चार-पाच वस्तू झाल्या की पुरे. एखादी बंद असेल, दुरुस्तीला गेली असेल, त्यावर हटून बसू नका. रंगीत सावल्यांचं दालन मात्र सोडू नका, कारण ते घरी आल्यावर करता येतं. लाल, हिरवा, निळा असे तीन रंगीत एलईडी दिवे, सात-नऊ वॉटचे, ओळीत साधारण वीतभर अंतरावर ठेवायचे. दीड-दोन मीटरवर पांढरी भिंत किंवा ताणलेली चादर, खोली पूर्ण अंधारी. मध्ये हात धरला की काळी सावली पडायच्या जागी रंग पडतात : लाल अडला तिथे आकाशी, हिरवा अडला तिथे राणी, निळा अडला तिथे पिवळा. भिंत पांढरी न दिसता हिरवट दिसली तर हिरवा दिवा वीतभर मागे सरकवा, तो बहुधा डोळ्याला जास्त उजळ वाटतो. रंग लावलेले झिरोचे बल्ब आणू नका, ते फार मंद पडतात. गणपतीत मखराच्या मागच्या पडद्यावर हे लावलंत तर वाडीतली सगळी पोरं हात नाचवत उभी राहतील.

कपड्यांचं विसरू नका. मे महिन्यातून, घामाने निथळत निघालेल्या माणसाला पटत नाही, पण त्या खाडीवर दुपारी बोचरा वारा आणि धुकं असतं, नणंदेच्या फ्रिमाँटला ऊन असलं तरीही. सासूबाईंना कानटोपी, मुलांना स्वेटर. डबा धक्क्यावरच्या बाकावर खायचा असेल तर झाकण उघडून गप्पा मारत बसू नका, तिथले सीगल आपल्या कावळ्यांचे थोरले भाऊ आहेत.

इतर वाचकांपैकी ज्यांचं कुणी लंडनला आहे त्यांच्यासाठी : तिथल्या सायन्स म्युझियमचा सर्वसाधारण प्रवेश मोफत, पण हाताळायच्या प्रयोगांचं ‘वंडरलॅब’ वेगळ्या तिकिटाचं आहे, दारात जाऊन हिरमुसण्यापेक्षा आधी ठरवा. टोरोंटोला जाणाऱ्यांनी जुन्या माहितीवर विसंबू नये, तिथलं ओंटारिओ सायन्स सेंटर छताच्या धोक्यामुळे २०२४ च्या जूनमध्ये बंद झालं. आणि ज्यांचं कुणीच कुठे नाही त्यांना पणजीत मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र आणि वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे. ताई, तुम्हालाही तालीम हवी असेल तर एप्रिलमध्ये एक दिवस मुलांना पणजीला न्या आणि पाचच वस्तू बघून परत या.

मात्र सगळ्यात आधी एक काम : शहराचा दिवस पक्का करण्यापूर्वी मुलीला सॅन फ्रान्सिस्कोचा मे महिन्याचा भरतीचा तक्ता काढून द्या आणि भरती दुपारी तीन-चारच्या आसपास येते ते दिवस तिलाच शोधू द्या. तिने दिलेल्या तारखांतली सोमवार सोडून एखादी घ्या, मग तिकिटं काढा.